डेअरीच्या संगणकाची अमावास्या

डेअरीच्या दारात त्या सकाळी आमच्या जत्रेला नसते एवढी गर्दी होती. किटल्या, कॅन, मोटारसायकलला बांधलेले ड्रम, सगळं तसंच टाकून लोक खिडकीच्या गजांना लोंबकळत होते. आत संगणकाच्या पडद्याला झेंडूचा हार, माऊसला हळदकुंकू, आणि समोर पाटावर शंभूनाथ महाराज.

"यंत्र म्हंजे मेलेलं लोखंड न्हाई," महाराज सांगत होते. "त्यालाबी जीव हाय. शहरातली लोकं म्हणत्यात, आत व्हायरस शिरला. आवो, व्हायरस कसला, वारस हाय वारस! ह्या जागंचा जुना वारस. त्यो डब्यात येऊन बसलाय. मला बापड्याला अक्षराची वळख न्हाई, पण वारं दिसतंय."

खिडकीतल्या माना डोलल्या. मग आरती सुरू झाली. एक नव्हे, देवीपासून नवनाथांपर्यंत सगळ्यांची ओळीने. आरती चालू असताना संगणकाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. शेवटचा कापूर विझल्यावर महाराजांनी पडद्यावरच्या चित्रावर टिचकी मारायला लावली आणि सकाळपासून अडून बसलेला दुधाचा प्रोग्राम उघडला. सभासदांची नावं पडद्यावर झळकली. बाहेर जयजयकार झाला, दोन म्हाताऱ्यांनी तर संगणकाच्या डब्याला लांबून हात जोडले.

मी आतच, दुधातलं फॅट मोजायच्या मशीनपाशी उभी होते. त्या संगणकावर बसणारी मीच. माझं नाव स्नेहल. कोळवण खोऱ्यातल्या आमच्या गावात बी.कॉम. करून पिरंगुटला संगणकाचा कोर्स केलेली मी पहिली मुलगी, असं डेअरीचे चेअरमन हैबतराव मला नोकरी देताना चारचौघांत म्हणाले होते. आता तेच हैबतराव महाराजांच्या पायाशी बसले होते.

"ह्या यंत्रावर बसतंय कोण?" महाराजांनी विचारलं.

हैबतरावांनी माझ्याकडे बोट केलं. महाराजांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पोरी, अडचणीच्या दिसांत ह्याला हात लावलास का?"

पन्नास पुरुषांपुढे! हो म्हणायचं की नाही म्हणायचं, आणि नाही म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? महाराजांना उत्तर नकोच होतं. माझं गप्प राहणं त्यांनी उचललं आणि गावापुढे धरलं.

"बगा! हिच्या हातानं विटाळलंय. म्हणून तर अमावास्या आली की यंत्र धरतंय."

"उद्यापासनं यायचं न्हाई तू," हैबतराव म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

माझ्या खुर्चीवर त्यांची सून पिंकी बसली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी पिरंगुटला दुसरी नोकरी शोधली असती. पण महाराजांनी आणखी एक काडी टाकली होती. माझ्या घरचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्यायचं, सगळ्यांच्या शेवटी. माझी आई, तुळजाबाई, पहाटे उठून दोन म्हशींची धार काढणारी बाई. ती आपली घासून लख्ख केलेली किटली घेऊन रांगेबाहेर उभी राहायची आणि कालपर्यंत तिच्याशी हसून बोलणाऱ्या बाया पदर सावरून पुढे सरकायच्या.

तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून आईने मला हळूच विचारलं, "स्नेहल, खरंच लावला व्हतास का गं हात?"

गावाचं सगळं मी पचवलं असतं, आईचा तो प्रश्न पचला नाही. मला राग आला असं लिहून भागणार नाही. मला सूड हवा होता. महाराजाचा हवा होता, हैबतरावांचा हवा होता, त्या डोलणाऱ्या मानांचा हवा होता. पण भांडून काही होणार नव्हतं. भांडले असते तर महाराज म्हणाला असता, वारं हिच्याच अंगात शिरलंय. म्हणून मी डोकं शांत ठेवलं आणि विचार करायला बसले.

संगणक फक्त अमावास्येलाच का अडतो? महाराजाचं हे म्हणणं खोटं नव्हतं. दिवाळीच्या आधी कंपनीचा माणूस प्रोग्रामची नवी आवृत्ती भरून गेला, तेव्हापासून प्रत्येक अमावास्येला हेच घडत होतं. बाकी दिवस एकदाही नाही. मग अमावास्येला आपण असं काय करतो, जे इतर दिवशी करत नाही?

उत्तर माझ्या डोळ्यांपुढेच होतं. आमच्याकडे अमावास्येला ट्रॅक्टरपासून गिरणीपर्यंत सगळ्या यंत्रांना नारळ फोडतात. डेअरीतही तसंच. फॅट मशीन, वजनकाटा, संगणक, सगळं बंद करायचं, पुसायचं, नारळ फोडायचा, लिंबू-मिरची बदलायची आणि पुन्हा चालू करायचं. एरवी संगणक बंद होतच नाही. आमच्या खोऱ्यात वीज जाते, पण इन्व्हर्टर आहे. महिनाभर तो जागाच असतो. म्हणजे तो अमावास्येला बिघडत नव्हता. त्याला आम्ही अमावास्येलाच बंद करून चालू करत होतो!

हे तपासायचं कसं? डेअरीची किल्ली पिंकीकडे होती. मी तिच्याकडे जाणार नव्हते, पण एका दुपारी तीच आमच्या गोठ्यात आली.

"ताई, मला झोप लागंना झालीय," ती म्हणाली. "मी गेल्या आठवड्यात त्याच दिवसांत मशीनवर बसले होते. कुणाला बोलले नाही. मशीन मस्त चाललं. आता अमावास्येला ते परत अडलं, तर मला पण असंच बाहेर काढतील का?"

"वहिनी, किल्ली आणलीय?"

सकाळ-संध्याकाळच्या दुधाच्या मधल्या वेळेत आम्ही दोघी डेअरीत शिरलो. अमावास्या लांब होती. मी संगणक बंद केला, पुन्हा चालू केला आणि दुधाचा प्रोग्राम उघडायला गेले. अडला! पडद्यावर इंग्रजीतली पाटी आली. पिंकीने देवाचं नाव घेतलं. मला मात्र नाचावंसं वाटलं. ही पाटी अमावास्येलाही यायची, पण मी वाचायच्या आत हैबतराव मागून हात घालून एंटर मारायचे आणि ओरडायचे, "बंद कर, परत चालू कर!" या वेळी मी ती नीट वाचली. मग पिंकीला म्हटलं, "चहा टाक."

चहा झाला, कप विसळून झाले. मी पुन्हा टिचकी मारली आणि प्रोग्राम उघडला. आरती नाही, कापूर नाही, महाराज नाही.

कारण अगदी साधं होतं. दुधाच्या प्रोग्रामच्या मागे आणखी एक प्रोग्राम असतो, तो पडद्यावर दिसत नाही. सगळ्या नोंदी त्याच्या ताब्यात. कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला, तो उठल्याशिवाय स्वयंपाक कसा सुरू होणार? नवी आवृत्ती जड, आमचा संगणक जुना, त्यामुळे या किल्लीवाल्याला उठायला वेळ लागत होता. लोक घाई करून संगणक पुन्हा बंद-चालू करायचे, म्हणजे उठू लागलेल्याला परत झोपवायचे. महाराज एवढंच करायचा, की लांबलचक आरतीच्या नावाखाली सगळ्यांना थांबायला लावायचा.

पण अक्षराची ओळख नसलेल्या माणसाला हे कळलं कसं? इथे मला शंका आली आणि मी सापळा लावला.

अमावास्येच्या आदल्या दुपारी पिंकीने पुन्हा दार उघडलं. मी संगणकाच्या आतल्या यादीत जाऊन त्या लपलेल्या प्रोग्रामची सेटिंग बदलली. आता तो आपोआप उठणार नव्हता. हाताने उठवला तरच उठणार.

सकाळी आईबरोबर मी रांगेबाहेर उभी राहिले. थंडीचे दिवस होते, दूध नासायची भीती नव्हती. नारळ फुटला, संगणक चालू झाला, प्रोग्राम अडला. आज महाराजाला बोलवायलाही लागलं नाही, तो मुक्कामाला असायचा त्या शेजारच्या फार्महाऊसवरून भगवी शाल पांघरून आधीच येऊन बसला होता.

"वारस लई चिवट हाय," तो म्हणाला आणि आरती सुरू झाली. नवनाथ संपले, कापूर विझला, टिचकी मारली. उघडेना.

"कुणीतरी मनात शंका धरलीय!" महाराज कडाडला.

मी मनात म्हटलं, धरलीय तर काय!

दुसरी फेरी झाली. उघडेना. तिसऱ्या फेरीला देव संपले, मग त्याने भूपाळ्या काढल्या. आवाज बसला. थंडीत त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि खरं सांगते, तो घाम बघून मला इतकं गार वाटलं की मी आणखी तासभर तशीच उभी राहिले असते. बाहेर कुरबुर सुरू झाली. "म्हाराज, टँकर निगंल की!" "आटपा लवकर!" हैबतरावही चुळबुळ करू लागले.

आणि मग ते घडलं. घाबरलेल्या महाराजाने की-बोर्डवर पूजेसाठी घातलेलं लाल कापड बाजूला फेकलं, तो पुढे ओढला आणि न बघता, तीन बोटांनी, तीन बटणं एकदम दाबली. पडद्यावर निळं पान आलं. दोन टिचक्यांत त्याने चालू प्रोग्रामांची यादी उघडली आणि सरसर खाली जाऊ लागला. बोटं अशी चालली होती, जशी माझीही चालत नाहीत.

मी दारातून आत गेले.

"महाराज," मी विचारलं, "हे कुटल्या पोथीत हाय?"

त्याचे हात जागच्या जागी थांबले.

"तुमाला तर अक्षराची वळख न्हाई म्हणं. मग यादीत काय शोदताय?"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, त्याची बोटं बगा की!" पुढे कळलं ते एवढंच, की महाळुंग्याला याचं सायबर कॅफे होतं. घरोघरी इंटरनेट आलं, कॅफे बसलं, आणि साहेब भगवे झाले. पण त्या क्षणी कुणाला काही सांगायची गरज नव्हती. बोटांनीच सांगितलं होतं.

मी प्रोग्रामवर टिचकी मारली. इंग्रजीतली पाटी पुन्हा आली.

"वाचा," मी म्हटलं. "मोठ्यानं. आन मराठीत सांगा. माझ्या आईला इंग्रजी येत न्हाई."

"पोरी, जाऊ दे..." हैबतराव पुटपुटले.

"जाऊ दे न्हाई आबा. मला ह्यानं समद्यांपुढं विचारलं व्हतं. समद्यांपुढंच वाचू द्या."

तो दाराकडे बघत होता. दारात आई उभी होती, किटली घेऊन. ती हलली नाही. शेवटी तो वाचू लागला, खाली मान घालून, "नोंदींशी... संपर्क होत नाही. थोडा वेळ थांबा... आणि पुन्हा प्रयत्न करा."

"ऐकलंत?" मी गर्दीकडे वळले. "मशीन स्वतः सांगत व्हतं, थांबा म्हणून. ह्यानं ते वाचलं, तुमच्यापास्नं लपवलं आन माझ्या अंगावर टाकलं."

मग मी यादीत जाऊन ती सेटिंग पूर्ववत केली आणि काय केलं तेही सांगितलं. संगणक बंद केला, चालू केला. "आता कुणी आरती म्हणायची न्हाई. कुणी काय बोलायचंबी न्हाई. नुसतं थांबायचं."

सगळं गाव थांबलं. एक म्हातारा खोकला, तेवढाच आवाज. मग मी माझ्या हाताने टिचकी मारली. सभासदांची नावं पडद्यावर आली.

"आता त्या सवालाचा जवाब देते," मी म्हटलं. "गेल्या बारीला मला इचारलं, तवा माझी पाळी न्हवती. आज हाय. आज माझा दुसरा दिस हाय. आन ह्याच हातानं मशीन चालू झालंय. बगून घ्या."

बायांच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला की हसली, मला कळलं नाही. पिंकी खुर्चीवरून उठली. "मीसुद्धा बसले होते त्या दिवसांत," ती सासऱ्यांच्या तोंडावर म्हणाली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"झालं गेलं गंगेला मिळालं, पोरी," हैबतराव म्हणाले.

"गंगेला काय मिळालं आबा? माझ्या आईचं दूध येगळ्या कॅनला गेलं. आज पयलं वजन तिचं."

तिचंच झालं. हैबतरावांनी स्वतः किटली उचलून काट्यावर ठेवली. तोवर शंभूकडून मी हार काढून घेतला, माऊसवरचं कुंकू त्याच्याच शालीने पुसून घेतलं आणि दुपारी पिंकीला घेऊन पौडला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. त्याला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर पुन्हा तोच बिचारा ठरला असता.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. यंत्र अडलं, तर ते काय म्हणतंय ते आधी वाचा. वाचता येत नसेल, तर वाचता येणाऱ्याला विचारा. तरीही कळलं नाही, तर 'मला कळत नाही' एवढं तरी कबूल करा आणि कारण शोधा. पण ते कारण एखाद्या बाईच्या अंगात शोधू नका. तिथे ते कधीच नसतं.

कंपनीकडून मी प्रोग्राम दुरुस्त करून घेतला. आता तो किल्लीवाल्याची वाट बघून मगच उघडतो. पण माझा राग काही गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून मी एक नियम केला आहे. गरज नसतानाही रोज सकाळी, रांग पूर्ण लागली की सगळ्यांच्या देखत मी संगणक बंद करते आणि माझ्या हाताने पुन्हा चालू करते. महिन्याचे तीसही दिवस.