पिवळ्या पट्ट्यांचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. खरं तर आता मी पुरता पडदाही उरलेलो नाही. शिलाई मशीनच्या खणात, तेलाच्या कुपीशेजारी ठेवलेली एक घडी, एवढाच उरलो आहे. तरी मित्रांनो, माझी ओळख मी पडदा म्हणूनच करून देणार. आणि आधीच सांगून ठेवतो, माझा जन्म जळफळण्यात गेला. मनाचा मोठेपणा दाखवणं मला जमलेलं नाही.

कापसाच्या बोंडातून मी निघालो, सूत झालो, मागावर विणला गेलो. पांढऱ्या अंगावर एक निळा, एक पिवळा असे उभे पट्टे होते. पिवळा तर इतका खुलायचा, की दुकानात आलेल्या बाईंची नजर आधी त्याच्यावरच गेली. त्या घरी बसून लोकांचे कपडे शिवायच्या. घरातले सगळे त्यांना आई म्हणायचे, म्हणून मीही आईच म्हणतो. त्यांनी आमचा तागा घरी आणला, टेबलावर पसरला आणि मधोमध कात्री चालवली. एका अर्ध्याची चादर झाली आणि दुसऱ्या अर्ध्याचा मी झालो.

माझी ही सख्खी बहीण ट्रंकेत गेली. डांबरगोळ्या घालून, वर जुनं कापड पांघरून तिला निजवलं. ती पाहुण्यांसाठी होती. मला मात्र पश्चिमेच्या खिडकीत टांगलं. दुपार कलली की ऊन काचेतून सरळ माझ्या छातीवर यायचं आणि मावळेपर्यंत तिथून हलायचं नाही.

माझं काम काही हलकं नव्हतं. खिडकीला लागूनच आईंची मशीन होती. उन्हाची तिरीप मी अडवली, तरच त्यांना सुईचं नाक दिसायचं. कुणी कपडे घालून बघायला आलं, की मलाच ओढून घ्यायचे. पण रोजच्या कामाचं कौतुक कोण करतो? घरचे पाहुणे आले, की चादर बाहेर निघायची. पाहुणे तिच्यावरून हात फिरवायचे आणि कालच आणलीत का म्हणून विचारायचे. मग कुणीतरी माझ्याकडे बघायचं. आई सांगायच्या, की दोन्ही एकाच ताग्यातली. त्यावर पाहुणे हसायचे. कुणाला ते खरंच वाटायचं नाही. दोन दिवस लोळून ती पुन्हा ट्रंकेत जाऊन झोपायची आणि मी दांडीवर जळत राहायचो, वरून उन्हाने आणि आतून तिच्या नावाने.

हळूहळू माझा पिवळा वाळक्या गवतासारखा झाला. मला वाटलं, रंग उडाला, एवढंच. आत काय चाललं होतं ते मलाही कळलं नाही.

मग घरात सून आली. आईंचे यजमान शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मुलगा त्यांचा एकुलता एक. लग्नानंतर तो आपला शर्ट कुठे आहे ते बायकोला विचारू लागला. चहा तिच्या हातचा चांगला लागतो, असं एकदा आईंच्या देखत बोलून गेला. आईंनी मशीन जरा जोरात चालवली. जळणाऱ्याला जळणारा लगेच ओळखू येतो. मला त्या दिवशी आई फार जवळच्या वाटल्या.

एका सुट्टीच्या दिवशी सुनेने आपण होऊन मला दांडीवरून काढलं. माझ्यावर चांगलीच धूळ बसली होती. तिने मला साबणाच्या पाण्यात भिजवलं, हलक्या हाताने चोळलं आणि पिळायला घेतलं. तोच मी फाटलो. एका जागी नव्हे, पट्ट्यापट्ट्याने फाटत गेलो. तिच्या हातात नुसत्या चिंध्या राहिल्या.

आवाज ऐकून आई न्हाणीच्या दारात आल्या. "कापडाला हात कसा लावायचा, हेही शिकवायचं का आता?"

"आई, मी जोर नाही हो लावला. पिळायला घेतला आणि तो सुटतच गेला."

"इतकी वर्षं मी धुतला. माझ्या हातात कधी सुटला नाही."

त्या दिवसापासून सून घरात पाहुण्यासारखी वागू लागली. साधी कपबशी उचलायची तरी आधी विचारायची. आईही विचारलं तेवढंच बोलायच्या. थोड्या दिवसांनी मुलाने मास्तरांना सांगितलं, की तो वेगळं बिऱ्हाड शोधतो आहे. मास्तर वर्तमानपत्र वाचत राहिले. आई मशीनवर होत्या. त्यांचा पाय थांबला. दोरा तुटला नव्हता, तरी त्या बराच वेळ दोरा ओवत बसल्या.

शिवणारी बाई कापड सहसा फेकत नाही. माझं काही निघतं का, हे बघायला आईंनी मला मांडीवर घेतलं आणि खालची दुमड उसवली. आतला पिवळा अजून तसाच झगझगीत होता. त्यांनी तो ओढून पाहिला. तो फाटेना. बाहेरचा निळा ओढला, तोही फाटेना. बाहेरचा फिका पिवळा नुसता चिमटीत धरला, तर ओल्या कागदासारखा हातात आला.

आई उठल्या. ट्रंक उघडून त्यांनी चादर काढली, न्हाणीत नेऊन भिजवली आणि सगळा जोर लावून पिळली. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढी मनापासून इच्छा कशाची केली नव्हती. तिचा एक, निदान एक तरी धागा तुटावा. पण बाईसाहेब ढिम्म राहिल्या.

ओले हात घेऊन त्या मास्तरांसमोर उभ्या राहिल्या आणि हे असं का, म्हणून विचारलं. मास्तरांनी चष्मा काढला. कापसाचा धागा म्हणजे साखरेच्या बारीक कणांच्या लांबच लांब साखळ्या, असं त्यांनी सांगितलं. ऊन रोज थोड्याथोड्या कड्या तोडतं. कापड दिसायला उभं असतं, पण साखळ्या आखूड होत जातात. त्यातून काही पिवळे रंग उन्हाचा मारा स्वतः झेलतात आणि शेजारच्या धाग्यावर ढकलतात. असं कापड कोरडं असताना कसंबसं तग धरतं आणि पाण्यात पडलं की उघडं पडतं.

"म्हणजे तिचा हात नव्हे," आई म्हणाल्या.

"हात नव्हे. ऊन."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"तू विचारलं नाहीस."

"पुढच्या वेळी न विचारता सांगत जा."

आई तशाच सुनेच्या खोलीत गेल्या. माझे दोन तुकडे, दुमडीतला आणि बाहेरचा, त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवले आणि ओढून बघ म्हणाल्या. सून आधी हातच लावेना. मग तिने ओढून पाहिलं. एक तुटला, एक तुटला नाही.

"ऊन खाऊन गेलं त्याला," आई म्हणाल्या. "मी तुझ्या डोक्यावर खापर फोडलं. चुकलंच माझं."

सून तुकड्यांकडेच बघत राहिली. "मलाही वाटायला लागलं होतं, आई, की माझाच हात जड आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. आई तिच्याजवळ बसल्या. बिऱ्हाडाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता खिडकीत नवा पडदा आहे, उन्हाच्या बाजूने जाड अस्तर लावलेला. आणि चादर? ती आईंनी सुनेला देऊन टाकली, रोजच्या वापराला. मशीनच्या खोलीतल्याच पलंगावर ती अंथरलेली असते. दुपारी ऊन सरकत पलंगाकडे यायला लागलं, की सून हातातलं काम टाकून उठते. "चादरीवर ऊन येतंय," म्हणते आणि पडदा ओढते. खणातून मला ते रोज ऐकू येतं. शिकले सगळे माझ्यावरून आणि जपतात तिला.

मित्रांनो, तुमच्या खिडकीत माझा कुणी भाऊबंद टांगलेला असेल, तर त्याला पाठीमागून अस्तर लावा. अधूनमधून उतरवून त्याची बाजू पालटा. आणि एखादी जुनी वस्तू कुणाच्या हातात फाटली, तर लगेच त्याच्या हाताला दोष देऊ नका. आधी ती इतकी वर्षं कुठे टांगलेली होती, तिथे जाऊन बघा. एवढं केलंत, तर माझा जळफळाट थोडा निवेल. पुरता निवणार नाही. दुपार झाली, की सून पुन्हा त्या चादरीसाठी पडदा ओढायला उठतेच.