उताराकडची विहीर

"पोरी, जरा पिऊन बघ. मला कायतरी येगळंच लागतंय."

ठकूमावशी बांधापलीकडे उभ्या होत्या. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. माझी लेक आरोही कडेवर होती. मी तांब्या नाकाशी नेला. शेणाचा म्हणावा असा वास नव्हता, भिजून पडलेल्या गोणपाटाला येतो तसा होता. आरोहीनं "पाणी, पाणी" करत हात पुढे केला. मी तिचा हात हळूच बाजूला सारला आणि तांब्या मावशींना परत दिला.

"पावसाळ्यात सगळ्याच विहिरींचं असं होतं, मावशी. तुरटी फिरवा."

"तुमचा खड्डा तर पाझरत न्हाई ना?"

"छे हो. खाली कागद आहे."

"आसंल मग. तू शिकलेली हायस." त्यांनी तांब्यातलं पाणी बांधावरच्या तुरीच्या बुडाशी ओतलं आणि उतार उतरून घरी गेल्या.

कागद होता, हे खोटं नव्हतं. तो फाटलेला होता.

आमची वस्ती येडगावच्या अलीकडे आहे. वरच्या अंगाला आमचं घर आणि गोठा, गोठ्याच्या खाली शेणाचा खड्डा, त्याच्या खाली बांध आणि बांधाखाली ठकूमावशींचं दोन खणांचं घर आणि विहीर. गोठा धुतला की शेण, मूत आणि पाणी सगळं पाटानं खड्ड्यात जातं. तिथं ते कुजतं आणि लावणीच्या आधी शेतात पडतं. आमच्या शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद जुना झाला तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तोच काढून या खड्ड्यात अंथरला. त्याचं त्यांना फार कौतुक. आल्यागेल्याला खड्ड्यापर्यंत नेऊन दाखवायचे. "हितं कोण टाकतंय खड्ड्याला कागद? ह्यो सयाजीच."

मे महिन्यात टोमॅटोच्या लावणीसाठी खत उचलायला जेसीबी बोलावला. लहान पोर असलेली बाई खड्ड्याजवळ नुसती उभी राहत नाही, पोर कुठं आहे आणि कडा कुठं आहे हे सारखं मोजत राहते. म्हणून मलाच दिसलं. बकेट वर आली तेव्हा तिच्या दाताला काळ्या कागदाची लांब पट्टी लोंबत होती. मी माझ्या नवऱ्याला, ऋषीला, हाक मारून दाखवलं.

"गप, आबा ऐकतील," तो म्हणाला. "ट्रॉल्या खोळंबल्यात. पुढच्या उन्हाळ्यात नवा टाकू."

पुढच्या उन्हाळ्याआधी एक अख्खा पावसाळा होता. बी.एस्सी. केमिस्ट्री करताना शेणामुतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट मी स्वतःच्या हातानं तपासलं होतं. ते तान्ह्या बाळाला कसं निळं पाडतं, तेही पुस्तकात चित्रासकट वाचलं होतं. तरी मी गप्प बसले. नवीन सून नव्हते, मला कोणी मारलं-झोडलं नसतं. पण आबांचा कागद फाटला, हे घरात कोणी म्हणायचं? एवढ्यावरच अडलं. आणि त्या तांब्याच्या दुसऱ्या दिवसापासून आरोहीसाठी मी विकतच्या पाण्याचा जार सुरू केला. आमचं बोअर खड्ड्याच्या वर, त्याला तसा धोका नव्हता. पण मला धीर धरवेना. "तिला कफ होतो," असं घरात सांगितलं.

ठकूमावशींबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, असं कोणीही म्हणेल. शाळा नाही, कधी कसल्या पदावर नाहीत. नवरा, भागूकाका, त्या विहिरीचा खडक फोडत असताना मावशी पोटुशी होत्या आणि तशाच डोक्यावरून डबर वाहत होत्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली. पाणी मात्र असं लागलं होतं की त्यात डाळ मेणासारखी शिजायची. वस्तीवर लग्न असलं की आचारी आधी विचारायचा, "ठकूबाईचं पाणी आणलं का?" मग पोरं कॅन घेऊन यायची. मावशी कप्पीवरून दोर सोडत त्यांची थट्टा करायच्या. "न्या रे न्या. नवरीला म्हणावं, सासूची डाळ शिजंना तर माझ्याकडं ये." आमच्या गोठ्यावरून जाताना आबांनाही सोडायच्या नाहीत. "सयाजीभाऊ, तुमच्या गाया पंख्याखाली बसत्यात आन् मी उन्हात. पुढच्या जल्मी मला तुमचीच गाय करा."

आबा हसायचे. "वहिनी, दूध किती देणार ते सांगा आधी."

थंडीत त्यांची लेक हर्षाली पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला. शौर्य नाव ठेवलं. मी बाळंतविडा घेऊन गेले, झबली, टोपडी, डिंकाचे लाडू. चुलीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं. हर्षालीला दूध पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी पावडर लिहून दिली होती.

"बाटली उकळते, पानी उकळते, समदं उकळते," मावशी म्हणाल्या. "पार निम्मं आटवते. नातवाच्या बाबतीत हयगय न्हाई."

मी पातेल्याकडे बघत राहिले. उकळलं की जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं, म्हणजे दाट होतं. हे वाक्य तोंडात होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मावशी, बाळापुरता आमच्याकडचा जार पाठवू का?"

"का गं? माझ्या हिरीला काय झालं? तूच म्हनलीस, पावसाळ्याचं हाय म्हनून. आता कुठं पाऊस?"

"नाही, सहज."

"हर्षाली ह्याच पान्यावर वाढली. आता लेकीच्या लेकराला इकतचं पानी पाजू? तिची सासू हसंल मला."

हर्षाली खाटेवरून म्हणाली, "वहिनी, आईच्या विहिरीला नावं ठेवू नका, ती जेवायची नाही आज."

तिघी हसलो. मावशींनी मला हळदकुंकू लावलं आणि मी घरी आले.

ऋषीला सांगितलं. तो गाईंना पेंड टाकत होता. "आता काय सांगणार? इतके महिने का न्हाई सांगितलं, असं विचारतील. म्हातारीला तर काय झालं न्हाई ना?"

"म्हाताऱ्या माणसाला होत नाही. बाळाला होतं."

"मग उद्या बघू."

ते उद्या रोज पुढं गेलं. सकाळी मी अंगणात यायचे आणि खाली मावशींच्या चुलीचा धूर बघायचे. धूर निघाला की मला कळायचं, पाणी उकळतंय. धूर विरेपर्यंत मी तिथंच उभी राहायचे. मग आत येऊन आरोहीला जारचं पाणी द्यायचे.

एका सकाळी धुक्यातून हर्षालीची हाक आली. "वहिनी, जरा या ना. ह्याचे ओठ बघा."

मी धावत उतरले. मावशींनी बाळाला गोधडीत गुंडाळून शेगडीजवळ धरलं होतं. "गारठा लागलाय गं. पाय शेकतीया मी. रंग काय येईना."

मी गोधडी बाजूला केली. ओठ जांभळट. नखं, जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तशी. रडत होता, पण दमलेल्या माणसासारखा, मध्येच थांबून. पुस्तकातलं चित्र माझ्यासमोर श्वास घेत होतं.

"ऋषी, पिकअप काढ," मी तिथूनच ओरडले.

पिकअप नारायणगावच्या दिशेनं निघाली. मावशी बाळाचे तळवे चोळत होत्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला. रंग बदलेना. त्यांनी रक्त काढलं तर ते लाल नव्हतं, चॉकलेटी दिसत होतं.

"आईचं दूध की वरचं?" त्यांनी विचारलं.

"जास्त वरचंच. पावडर," हर्षाली म्हणाली.

"पाणी कुठलं?"

मावशी पुढं झाल्या. "हिरीचं, बाई. पर उकळून. लई येळ उकळते मी. काय कमी ठिवलं न्हाई."

डॉक्टरीणबाई मावशींकडे बघत होत्या. ऋषी माझ्याकडे बघत होता. त्यानं मान हलवली, अगदी थोडी. नको, अशी.

"विहिरीच्या वर आमचा शेणाचा खड्डा आहे," मी म्हणाले. "त्याचा कागद मे महिन्यापासून फाटलाय. सगळं खाली पाझरतंय. मला माहीत होतं."

माझा आवाज मलाच कोरडा वाटला, कोणीतरी पत्ता सांगावा तसा. डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि मग मावशींकडे वळल्या.

"आजी, खताचं जे पाण्यात उतरतं, ते उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की वाढतं. इथून पुढं ते पाणी बाळाला द्यायचं नाही."

मावशी माझ्याकडे बघतील, असं मला वाटलं. शिव्या देतील, केस धरतील. मी तयार होते. पण त्यांनी स्वतःचे हात उलटे-सुलटे करून बघितले.

"म्हंजी मीच पाजलं," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी, आम्ही. आमच्यामुळं झालं."

"रोज आटवलं. पार निम्मं आटवलं."

"मावशी, ऐका ना."

त्यांनी ऐकलं नाही. इंजेक्शननंतर थोड्या वेळानं बाळाच्या ओठांवर रंग परत यायला लागला. हर्षाली रडत सुटली, ऋषी बाहेर जाऊन उभा राहिला. मावशी बाकावरच बसून होत्या. नर्सनं बाळ त्यांच्याकडे देऊ केलं तर म्हणाल्या, "नगं. तिच्याकडंच द्या. माझं हात थंड हायेत."

त्याच आठवड्यात आबांनी खड्डा उपसायला घेतला. जेसीबी नाही, फावड्यांनी. फाटलेला कागद बाहेर ओढला, त्याची फाटकी कड बोटांनी चाचपली. मग टोपी काढून हातात धरली आणि उतार उतरून गेले. मी मागून गेले होते.

"वहिनी, चुकलं आमचं," ते ओट्याशी उभं राहून म्हणाले.

"बसा भाऊ. च्या घेता?"

"पानी..."

"नळाचं हाय. भिऊ नगा."

आबांना तो चहा गिळताना मी बघितलं आहे.

आता खड्ड्याला सिमेंटचा तळ आहे आणि भिंती. वरच्या अंगाला चर काढलाय, पावसाचं पाणी खड्ड्यात येत नाही. खड्डा काठोकाठ भरू द्यायचा नाही, त्याआधी उपसायचा, हे मी ऋषीला वाद घालून मान्य करायला लावलं. भिंतीचा सांधा मी स्वतः बघते, पावसात तर रोजच. आरोही विचारते, "आई, तू भिंतीला हात का लावतेस?" मी सांगते, ओली आहे का बघते.

विहिरीचं पाणी आम्ही तपासून आणतो. अजून बरं नाही. जमिनीत जे मुरलंय ते निघायला वेळ लागेल म्हणतात, किती ते कोणी सांगत नाही. लग्नाच्या डाळीला आता टँकर येतो. हर्षाली सासरी गेली ती बाळाला घेऊन परत आली नाही. तिच्या सासूनं सांगितलं, "तिकडचं पाणी बाधतं." शौर्य आता चालतो. मावशी त्याला फोनवर बघतात, फोन लांब धरून, आणि हसतात. मी एकदा म्हणाले, "मावशी, मी जाऊन बोलू का हर्षालीच्या सासूशी? चूक आमची होती म्हणून सांगते."

"आन् सांगून काय व्हईल? लोकं तुला बोलतील. तुझं लेकरू ल्हान हाय."

त्यांच्याकडे नळाचं पाणी एक दिवसाआड येतं. मी जार पाठवते. तो त्या पाहुण्यांसाठी ठेवतात. मला विचारू देत नाहीत, आधीच सांगतात, "नळाचंच पिते गं मी." पण त्यांच्याकडे जनावर नाही. परसात एक झाड नाही. धुण्याला कॅनॉलवर जातात. मग सकाळी विहिरीवरचा दोर ओला कशाला असतो? मी विचारलं तर त्या खोटं बोलतील. मला वाईट वाटू नये म्हणून बोलतील. आणि ते मला पुन्हा ऐकवणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही येडगावच्या धरणाकडं गेलात, तर वाटेत कोणालाही ठकूबाईंचं घर विचारा. वरच्या गोठ्याकडं वळू नका, उतारानं खाली जा. त्या तुम्हाला बसा म्हणतील, चहा देतील, तो निर्धास्त घ्या. माझं नाव काढू नका. निघताना विहिरीशी जरा रेंगाळा आणि दोराला हात लावून बघा, ओला आहे का.