उर्वशीचं बोट

"वाती वळताना तोंड उघडायचं नाही, शीला. आन् उघडलंच, तर खोटं बोलायचं नाही."

सासूबाई तानाबाई जाऊन नऊ वर्षं झाली. पण पहाटे सरकी काढलेला कापूस मांडीवर घेतला की शीलाबाईंच्या कानी तो आवाज हटकून यायचा. रोज एकशे आठ वाती, त्याही मुक्यानं; पुऱ्या झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, की उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. नेम कधी मोडला नव्हता.

अडीच वर्षांची नात उर्वशी शेजारी बसून त्या वाती फरशीवर ओळीनं मांडायची. एकही वाकडी नाही. तासभर मान वर करायची नाही. "मागच्या जन्मीची जोगीण हाये," शेजारणी म्हणत, आणि शीलाबाईंचा ऊर भरून येई.

म्हणूनच सोमवारी अंगणवाडीच्या नलूताई लहान पोरांच्या वाढीबद्दलच्या वीस प्रश्नांचा कागद घेऊन आल्या, तेव्हा सून दिपाली चहा टाकून बाहेर येईतो शीलाबाईंनी सगळी उत्तरं देऊनही टाकली.

"हाक मारली तर पाहते?"

"पाहते न."

"पाहिजे ते बोटानं दाखवते?"

"रोज दाखवते! घंटी पाहिजे तर घंटी, साखर पाहिजे तर साखर."

"काकू, हा कागद काही दुखणं ठरवत नाही. पुढं तपासाले पाठवायचं का नाही, तेवढंच समजते. खरं सांगा बरं."

"आंघोळ करून बसली मी, खोटं बोलीन काय?"

नलूताई हसल्या आणि कागद पिशवीत घालून पुढच्या घरी गेल्या.

संध्याकाळी दिवा लावताना उर्वशीनं आजीचं मनगट धरलं, तिला ओढत देवापाशी नेलं आणि तिचा हात घंटीवर ठेवला.

"पाह्यलं? दाखवते का नाही?" शीलाबाई कौतुकानं म्हणाल्या.

दिपाली हळूच म्हणाली, "आई, ते बोट तुमचं हाये."

शीलाबाईंनी घंटीवरचा आपला हात पाहिला.

"तुमच्या तोंडाकडं पाहत बी नाही ती. सहा महिन्यांपासून सांगून राह्यली मी, तर तुमी म्हणता देवाचं लेकरू. कागदावर सगळं बरं लिहिलं, तर यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तपासाले कोण बोलावीन आपल्याले?"

एरवी शीलाबाईंनी तिला दटावलं असतं. त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत.

मंगळवारी दिवेलागणीला त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि देवापुढं बसल्या. "उर्वशी," त्यांनी हाक मारली. मग "उर्वी". मग "माझी बाई". सात हाका झाल्या. पोरगी आली ती घंटीसाठी. मांडीवर चढली, आणि डब्यातून पळी काढावी तसा तिनं पदराखालून आजीचा हात ओढून काढला. नजर सारा वेळ घंटीवर. शीलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उर्वशीनं ते पाहिलं नाही.

त्यांनी घंटी वाजवली. पोरगी खुदकन हसली, घंटीकडं बघून.

"दिपाली, नलू ते कागद आर्णीच्या हापिसात कवा नेते?"

"उद्या. सातच्या एसटीनं. आज बाहेरगावी गेली, रात्री उशिरा येईन."

"मी सांगतो तिले. माह्या तोंडानं बिघडलं, माह्याच तोंडानं नीट करतो."

"आन् तुमचा नेम?"

बुधवारी शीलाबाई अंधारातच उठल्या. रोज आपसूक वळणाऱ्या वाती आज बोटांत तुटत होत्या. साडेसहा वाजले, तेव्हा जेमतेम सत्तर झाल्या होत्या. उर्वशीनं त्यांची ओळ देवापासून उंबऱ्यापर्यंत नेली होती.

शीलाबाईंनी उरलेला कापूस टोपलीत ठेवला. देवाला हात जोडले, तानाबाईंच्या फोटोलाही.

"येतो गं माय," त्या उर्वशीला म्हणाल्या. वाती अपुऱ्या असताना बोललेला त्यांचा हा पहिला शब्द. पोरीनं मान वर केली नाही.

एकही वात हलू नये म्हणून लुगडं हातभर उचलून त्यांनी उंबरा ओलांडला, चपला पायात सरकवल्या आणि पाणी न पिता नलूताईंच्या घराची वाट धरली.