तपकिरीला दोन गाठी

"ही कुठली गं?"

"पिवळी."

"आणि ही?"

वरून उत्तर आलं नाही. वायरमन बोटीच्या तळाशी उताणा पडला होता. डोकं डॅशबोर्डच्या खाली, पाय दोन खुर्च्यांच्या मधून बाहेर. स्विचच्या रिकाम्या भोकातून त्याने वायरचं टोक आणखी थोडं वर ढकललं.

"अगं, झोपलीस की काय?"

"झोपू कशी? खाली तुमची खुडबुड चाललीय." बायको वर खुर्चीत बसली होती. मांडीवर दोऱ्याचं रीळ. तिने टोक चिमटीत धरून पाहिलं. "हिरवी."

"नक्की?"

"मला डोळे आहेत. तुमच्यासारखी नाही मी."

तो अंधारात हसला. लग्न झाल्यापासून हे उत्तर तो ऐकत आला होता. घरी हल्ली ती काहीही बोलायची. चमच्याला किल्ली म्हणायची, दिवा लावायला गेली की भिंतीपाशी उभी राहायची. पण कामावर आली की हे उत्तर जसंच्या तसं यायचं. ते ऐकलं की त्याला वाटे, काही बिघडलेलं नाही.

बोट जुनी होती. तलावाच्या काठावर पत्र्याची शेड होती, तिच्यात लोखंडी गाड्यावर ती उभी होती. पाण्यावरचं स्कीइंग शिकवणारे सर कित्येक वर्षं तिच्यामागे दोरी बांधून मुलांना शिकवत आले होते. मुलांच्या पायांत लांब फळ्या, हातांत दोरी आणि पुढे ही बोट. ऊन खाऊन खाऊन डॅशबोर्डवरचे स्विच तडकले होते. कोणता दिव्याचा, कोणता भोंग्याचा, हे सांगणारी चित्रं पुसून गेली होती. पंपाचा स्विच तर आगकाडी खुपसून अडकवून ठेवावा लागे.

"काका, सगळे नवे बसवा," सर म्हणाले होते. "वायरीही बघून घ्या. शनिवारपासून पोरं येतायत."

सरांना, शेजाऱ्यांना, अगदी पोटच्या मुलीलाही जे माहीत नव्हतं, ते असं : या वायरमनला रंग नीट दिसत नसत. पिवळा, निळा, काळा दिसे. पण लाल, तपकिरी आणि हिरवा हे तिन्ही त्याला ओल्या मातीसारखे वाटत. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात बायकोने त्याला हिरवी लोकर आणायला सांगितलं होतं. त्याने मोठ्या ऐटीत तपकिरी आणली. "मला तर हिरवी हवी होती," ती म्हणाली. "उद्या बदलून आणतो," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलावरचा टोमॅटो उचलून विचारलं, हा पिकलाय का? त्याने तो दाबून पाहिला. तेव्हा तिला कळलं.

"राहू दे," ती म्हणाली. "चांगली आहे हीच." आणि त्याच लोकरीचा तिने स्वतःला स्वेटर विणला.

वायरमनला रंग कळत नाहीत म्हटल्यावर काम कोण देणार? त्यामुळे ती त्याच्याबरोबर यायला लागली. लोकांना सांगताना म्हणायची, "घरी एकटीला करमत नाही हो." ती रंग सांगायची आणि प्रत्येक वायरला टोकाजवळ काळ्या दोऱ्याने गाठी मारायची. लालला एक, तपकिरीला दोन, हिरवीला तीन. डॅशबोर्डखाली हात घालून काम करताना असंही काही दिसत नाही. बोटांना गाठी लागल्या की पुरे. बाकीचे मिस्त्री हसायचे. त्याचं नावच पडलं, गाठीवाले काका. "गाठीवाल्या काकांनी केलेली बोट बिघडत नाही," असंही मग तेच म्हणायला लागले.

ही बोटही त्याने पूर्वी एकदा सबंध केलेली होती. वायरींच्या टोकांना गाठी असणार, हे त्याला ठाऊक होतं. पण टोकं गंजून खराब झाली होती, दोरा कुजून त्याचा भुगा झाला होता. त्याने सगळी टोकं छाटून टाकली. बायको वर बसली होतीच.

दुपार व्हायच्या आत नवे स्विच बसले. काळे, चकचकीत, ओळीने. सरांनी बोटीच्या तळात बादलीभर पाणी ओतलं. तळाशी पाणी साचलं की ते बाहेर फेकायला एक पंप असतो. तो चालतो की नाही हे बघायचं होतं.

"काकू, तुमच्या हातून उद्‌घाटन," सर म्हणाले.

बायकोने हसून पंपाचा स्विच दाबला. आतून बारीकसा 'टक्' आवाज आला. पंप हलला नाही.

"फ्यूज उडाला," वायरमन म्हणाला. "होतं असं. नवीन आहे ना."

त्याने दुसरा फ्यूज घातला. पुन्हा 'टक्'. आता सर हसले नाहीत. ते भले गृहस्थ होते. आवाज न चढवता, बोटीच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "काका, राग मानू नका. पोरं बसणार आहेत हिच्यात. दुसऱ्या कुणाला एकदा नजर टाकायला सांगू का?"

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याला कुणी ऐकवलं नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत द्या मला," तो म्हणाला. "माझाच हात चुकला कुठेतरी."

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. जेवून घेऊ."

डबा घेऊन मुलगी आली होती. तिने शेडच्या दारात आईचे हात धुतले, रुमालाने पुसले. आई जेवायला बसल्यावर ती बापाला जरा बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, किती दिवस हे? आज सकाळी तिने पायांत मोजे घालायच्या ऐवजी हातांत घातले. तिला इथे पत्र्याखाली कशाला बसवता? मी घरी आहे ना."

"तिला आवडतं इथे."

"तिला आवडतं की तुम्हाला?"

"दोघांना."

"बरंय. हट्ट तुमचा, त्रास तिला."

"ए, काय कुजबुज चाललीय?" आई घास हातात धरून ओरडली. "माझ्याबद्दल असेल तर मोठ्याने बोला. मलाही कळू दे."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं. रिकामा डबा घेऊन ती गेली तेव्हा बाप पुन्हा डॅशबोर्डखाली शिरत होता.

या वेळी त्याने बायकोला हाक मारली नाही. पंपाच्या स्विचची वायर त्याने चिमटीत धरली. तिने हिला काय म्हटलं होतं? तपकिरी. पंपाची वायर तपकिरीच असते. तिच्या शेजारची, अर्थिंगला जोडलेली, हिरवी. सगळं जसं असायला हवं तसंच होतं. मग तो एक वायर धरून बोटांनी मागे मागे सरकत गेला. हातभर आत, जिथे ऊन किंवा पाणी पोहोचलं नव्हतं, तिथे जुन्या चिकटपट्टीचा वेढा होता. त्याने तो नखाने सोडवला. पट्टीखाली काहीतरी टणक लागलं.

गाठी होत्या. मोठ्या जोडकामात ती मागेही एकदा मारून ठेवायची. टोक तुटलं तर असू दे म्हणून. दोरा पट्टीच्या आत शाबूत राहिला होता. त्याने बोट फिरवलं. एक, दोन. पुन्हा फिरवलं. दोनच.

ही ती वायर होती, जिला सकाळी ती हिरवी म्हणाली होती.

त्याने शेजारच्या वायरचीही पट्टी सोडली. तीन.

बोटीत उताणा पडून तो वरच्या अंधाराकडे बघत राहिला. तेव्हाची ती सांगत होती तपकिरी, आजची सांगत होती हिरवी. दोघींपैकी कुणाचं ऐकायचं हे कळायला काही अवघड नव्हतं. स्विचला पंपाऐवजी अर्थिंगची वायर लागली होती. फ्यूज उडाला म्हणून निदान चूक दिसली. नाहीतर पंप गप्प बसला असता, तळात पाणी भरत गेलं असतं, आणि बोटीत पोरं.  पण त्याला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. घरी वस्तू हरवावी तसं तिच्याजवळचं एकेक जात होतं, तेव्हा तो मनात म्हणत असे, रंग आहेत अजून. आता रंगही गेले होते. कधी गेले, ते त्याला कळलंसुद्धा नव्हतं. मागच्या कामात होते का? त्याच्या मागच्या?

"अहो," वरून आवाज आला. "मी बरोबर सांगितलं होतं ना?"

त्याने सुटलेली पट्टी पुन्हा गाठींवर गुंडाळली.

"बरोबरच सांगितलं होतंस."

"मग त्यांचा पंप का चालत नाही?"

"स्विच खराब निघाला."

"हल्लीच्या मालात दम नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच काही चुकलं."

बाकीच्या वायरींच्या पट्ट्यांपर्यंत हात पोहोचेना. तो बाहेर आला. त्याने पेटीतून मीटर काढला आणि एक लांबलचक सुटी वायर घेतली. रंग न बघताही वायर ओळखता येते. फक्त वेळ लागतो. बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन पंपापाशी वायर सोडवायची, सुटी वायर तिथे जोडायची, गुडघ्यांवर रांगत पुढे यायचं आणि इथल्या एकेका टोकाला मीटर लावायचा. जिथे तो वाजेल ती पंपाची. मग परत मागे जायचं, दिव्याची सोडवायची. तरुणपणी तो असंच करायचा आणि एका दिवसाच्या कामाला चार दिवस लावायचा. ती आल्यापासून त्याने हे केलं नव्हतं. पुढच्या बाजूने विचारायचं, "ही कुठली गं?", की झालं.

गुडघे वाजत होते. मीटरही वाजला. पंपाची सापडली.

त्याने ते टोक स्विचच्या भोकातून वर काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"ही कुठली गं?"

तिने टोक हातात घेतलं. उजेडाकडे धरून मन लावून पाहिलं. "निळी," ती म्हणाली.

"हं. दोन गाठी मार."

तिने दोरा तोडला. वायरभोवती फिरवला, दाताने टोक धरून ओढला. दोन गाठी. जवळजवळ, घट्ट, एकसारख्या. बोटांना कुणाला विचारावं लागलं नाही. त्याने त्या चाचपून पाहिल्या. पट्टीखालच्या जुन्या गाठींत आणि या गाठींत काडीचा फरक नव्हता.

"जमलं?"

"जमलं."

मग दिव्याची, मग भोंग्याची, मग पंख्याची. इंजिनाच्या खणात पेट्रोलची वाफ साचते, ती बाहेर काढणाऱ्या पंख्याची वायर पिवळी, ती त्याला स्वतःलाच दिसत होती. तरी त्याने ती मीटरने तपासली, आणि तरी तिला विचारलं. ती प्रत्येक वेळी काहीतरी रंग सांगे, तो "हं" म्हणे आणि किती गाठी ते सांगे. एकदा ती थांबून म्हणाली, "आज तुम्हीच सगळं सांगताय."

"शिकलो आता तुझ्याकडून."

"उशीर केलात," ती म्हणाली, आणि गाठ आवळली.

सर आले तेव्हा पत्र्यावरचं ऊन उतरलं होतं. त्यांनी स्वतःच पंपाचा स्विच दाबला. घरघर झाली, आणि बोटीच्या कुशीतल्या छोट्या भोकातून पाण्याची धार जोरात बाहेर येऊन सरांच्या बुटांवर पडली. बायको टाळ्या वाजवून हसली. सरही हसले. एकेक स्विच त्यांनी दोन-दोनदा दाबून पाहिला.

"काका, सकाळी मी बोललो ते..."

"बरोबर बोललात. पोरांचा प्रश्न आहे. सर, एक सांगू? पुढच्या वेळी दुसरा माणूस बघा. माझ्याच्याने आता गुडघ्यावर होत नाही."

"आणि गाठी कोण मारणार?"

"त्याला गाठी लागणार नाहीत," वायरमन म्हणाला. त्याने पेटी बंद केली.

काठाकाठाने दोघं घराकडे निघाले. वारा सुटला म्हणून त्याने थांबून तिच्या स्वेटरची बटणं लावली. कोपरांवर विरलेला, तोच जुना स्वेटर. ती खाली मान घालून त्याच्या बोटांकडे बघत होती. मग स्वेटरची कड चिमटीत धरून, वायरचं टोक धरावं तशी तिने ती त्याच्यासमोर केली.

"अहो, हा कुठला रंग?"

त्याला ओली माती दिसत होती. पण हा एक रंग त्याला पाठ होता.

"तपकिरी," तो म्हणाला.

"मला तर हिरवी हवी होती."

 शेवटचं बटण लावायचं राहिलं होतं, ते त्याने लावलं.

"उद्या बदलून आणतो."

 पण या वेळी ती 'राहू दे' म्हणाली नाही. तिने समाधानाने मान हलवली आणि दोऱ्याचं रीळ मुठीत धरून पुढे चालू लागली.