मिटत्या कंसापुढची टीप

मला भांडायला कारण लागत नाही, असं आमचे हे, म्हणजे रेणुकादास, चारचौघांत सांगतात. साफ खोटं! कारण लागतं, फक्त मला ते लवकर सापडतं. आणि त्या डिसेंबरात मी नांदेडहून लातूरला भांडायला गेले तेव्हा तर कारण अगदी ठणठणीत होतं. ते कारण म्हणजे एक कंस.

हसू नका. सांगते.

मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका कार्यशाळेला लातूरहून शिवमूर्ती सर आले होते. तिथल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. लातूरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास, आणि दर रविवारी परीक्षा. मराठीतून प्रश्नपत्रिका टाइप करायची म्हणजे डोक्याला ताप; एका कॉम्प्युटरवर नीट दिसणारी जोडाक्षरं दुसऱ्यावर गेली की फुटायची. चहाच्या सुट्टीत आम्ही दोघं त्यावरून करवादलो आणि संध्याकाळपर्यंत एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. नाव ठेवलं ‘प्रश्नपेटी’. ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणीही घ्या, वापरा, आतलं लिखाण वाचा, सुधारा, कुणाला विचारायचं कारण नाही. उमरीचे गुरुजी वापरायला लागले, हदगावच्या शाळा वापरायला लागल्या. मग हातभार लावणारे वाढले. पुण्याचा मुकुल आला, त्याच्या ओळखीची चार मंडळी आली.

आणि तिथूनच तकरार सुरू झाली. एका पातेल्यात पाच जणींनी आपापल्या अंदाजानं मीठ टाकावं, तसं आमच्या प्रोग्रॅमचं झालं. कुणी एक ओळ दोन हात लांब लिहितंय, कुणी नावं इंग्रजीत ठेवतंय, कुणी मराठीत. म्हणून ठरलं की लिहिण्याची एकच रीत ठरवू आणि सगळ्यांनी ती पाळायची.

आता तो कंस. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक छोटं काम महिरपी कंसात असतं. कंस उघडला की काम सुरू, मिटला की संपलं. एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. शेवटी नुसते मिटते कंस एकाखाली एक येतात, आणि कुठला कंस कुणाचा हे त्याच्या डावीकडं किती जागा सोडलीय त्यावरून नजरेला कळतं. त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. शिवमूर्ती सर लिहायचे. मिटत्या कंसापुढं टीप असायची, ‘गुण मोजणं संपलं.’ ‘अवघड प्रश्न निवडून झाले.’ पूर्वी हे मोठमोठ्या कामांपुढं असायचं, म्हणून मी कानाडोळा केला. पण गेल्या वर्षभरात त्यांनी कहरच मांडला. दोन ओळींच्या कामापुढंही टीप! तिसऱ्या ओळीला ‘हे संपलं’ म्हणून सांगायचं म्हणजे काय? जेवणारा समोर हात धुतोय आणि आपण ओरडून सांगायचं की याचं जेवण झालं हो!

मुकुलनं सुचवलं की या सगळ्या टिपा काढून टाकू. तसं एक साधन असतं, एका झटक्यात सगळं लिखाण एका रीतीत बसवतं. मी दोन्ही हात वर केले. बाकीच्यांनीही होकार दिला. शिवमूर्ती सरांनी दोन दिवस काही कळवलं नाही आणि मग लिहिलं, “टिपा काढल्या तर मला काम करणं जमणार नाही. मी थांबतो. तुम्ही सगळे समर्थ आहात.”

बस, एवढंच.

मी लगेच फोन लावला. “हे काय सर? कारण तरी सांगा!”

“कारण काही न्हाई मॅडम. सवय हाय.”

“सवयीपायी कुणी आपलं लेकरू टाकून जातं का?”

“जमणार न्हाई, एवढंच म्हणतो,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझ्यावर! फोन ठेवायची पद्धत आमच्यात माझी आहे, त्यांची नाही.

राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर राग वरवरचा होता आणि खाली धास्ती होती. इतकी वर्षं रोज सकाळी कॉलेजला निघायच्या आधी मी त्यांचं लिखाण उघडून चुका काढायचे आणि दुपारी ते माझ्या काढायचे. माझी एक चूक तर त्यांनी अशी काढली होती की मी आठवडाभर तोंड फुगवून होते. एवढ्या हक्काचं दुसरं माणूस मला माझ्या धंद्यात मिळालेलं नव्हतं. प्रश्नपेटी मुकुलनं चालवली असती, पण मला शिवमूर्ती सर हवे होते.

मी सकाळची लातूर गाडी धरली.

“ढाल-तलवार देऊ का बांधून?” रेणुकादासांनी स्टँडवर विचारलं. मी चढून खिडकीची जागा धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूरपर्यंत माझं भाषण तोंडपाठ झालं होतं. बहुतेक थोडं मोठ्यानं झालं असावं, कारण शेजारच्या बाईंनी पिशवी उचलली आणि त्या पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

सरांचं घर क्लासच्याच भागात, वरच्या मजल्यावर. खाली मुलींचं होस्टेल, समोर झेरॉक्सची दुकानं, भिंतभर गुणवंतांचे फोटो. मी पूर्वी दोनदा आले होते, पण दोन्ही वेळा खालच्या खालीच भेटून गेले होते. गेली दोन वर्षं मात्र आमची भेट नव्हती. नांदेडला बोलावलं की त्यांना नेमकं काहीतरी काम निघायचं. जिना चढले. दार सताड उघडं होतं. सर कॉम्प्युटरसमोर बसले होते, एका कानात इयरफोनचं बोंडूक घातलेलं. मी मुद्दाम काही बोलले नाही, नुसती दारात उभी राहिले. त्यांनी खुर्ची वळवली, सरळ माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं,

“कोण हाय?”

झालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“कोण हाय? आता ओळखही विसरलात का? वा, शिवमूर्ती सर, वा! नांदेडहून हाडं खिळखिळी करत आलेय मी, आणि तुम्ही विचारताय कोण?”

“विनीता मॅडम!” त्यांचा चेहरा इतका उजळला की माझ्या भाषणाचा पहिला परिच्छेदच हरवला. “या, या. बसा. बसूनच भांडा.”

मग मी बसून भांडले. टिपांवरून भांडले, फोन ठेवण्यावरून भांडले, नांदेडला न येण्यावरून भांडले. ते मधेमधे “हाव”, “बरोबर हाय” करत होते, आणि लाज सोडून हसत होते. मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, सुकन्यावहिनी, आत आल्या. “सुकन्या, आले. चहा हाय, उजव्या हाताला ठिवते,” म्हणाल्या. कप ठेवला आणि दाराशी जाऊन पुन्हा, “सुकन्या, चालले.”

मी बघतच राहिले. मग सरांच्या आई, सिंधुमावशी, ओलं धुणं घेऊन खोलीतून गेल्या. “सिंधू, गच्चीवर चालले.” कुणाला उद्देशून नाही, नुसतंच, देवाला हात जोडावेत तसं. मला म्हणाल्या, “बस माय, भांड निवांत.”

“मावशी, हे नाव सांगत फिरणं काय आहे?” मी विचारलं. राग होताच, त्यामुळं जरा तोडूनच विचारलं असेल.

मावशींनी बादली खाली ठेवली.

“आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं व्हतं माय. भूकंपाच्या आदल्या सांजला गणपती बोळवून आलाव, अन् आमची म्हादेवी, ह्याच्या पाठची, शेजारी आत्याकडं निजाय गेली. सांगून न्हाई गेली. पहाटं समदं पडलं. आम्ही तिघं वाचलाव अन् आमच्याच घराचे धोंडे उपसत बसलाव, पोरगी खाली हाय म्हणून. दुपारपत्तुर उपसले. लेकरू तिथं नव्हतंच. शेजारच्या ढिगाऱ्याखाली व्हतं.” त्यांनी पदराला ओले हात पुसले. “मंग पत्र्याच्या शेडात ऱ्हायलो तवा ह्येच्या बापानं रीत घातली. आत येताना नाव सांगायचं, जाताना सांगायचं. कुणी का असंना. म्हणजे कोण कुठं हाय ते घराला ठावं पाहिजे.”

त्यांनी बादली उचलली. “सिंधू, चालले,” म्हणाल्या आणि गेल्या.

मिटता कंस आणि त्यापुढची टीप. हे संपलं, ते झालं, कोण आत आहे, कोण बाहेर गेलं. अरे देवा, म्हणजे हा माणूस घरात बोलतो तसाच प्रोग्रॅम लिहीत होता! एवढं कळलं आणि वाटलं, चला, उलगडलं. सवय म्हणतात ती ही. तेवढ्यात सरांनी चहासाठी हात पुढं केला. हात टेबलावरून हलके हलके उजवीकडं सरकत गेला, बशीच्या कडेला लागला, कडेकडेनं वर गेला आणि मग कपाच्या कानाला पोचला.

मघाचं “कोण हाय?” मला तेव्हा कळलं.

“सर,” मी म्हणाले, “तुम्हाला मी दिसत नाही का?”

“दारात कुणीतरी उभं हाय, एवढं दिसलं. उजेड पाठीमागं असला की तेवढंच.” ते चहा प्याले. “पडदा वाळत चाललाय डोळ्यांचा. हैदराबादला दाखवलं. हळूहळू जाणार म्हणले, अन् हळूहळूच जाऊन राहिलाय.” मग त्यांनी कानातलं बोंडूक काढून माझ्याकडं धरलं. “ऐका.”

मी कानाला लावलं. कॉम्प्युटरचा एक सपाट आवाज माझंच लिखाण वाचत होता. मी लिहिलेलं, टिपा नसलेलं, माझ्या मते अगदी देखणं. शेवटाला आला आणि म्हणाला, कंस मिटला. कंस मिटला. कंस मिटला. कंस मिटला. कुणाचा, कशाचा, काही पत्ता नाही. मग सरांनी स्वतःचं लिखाण लावलं. कंस मिटला, गुण मोजणं संपलं. कंस मिटला, पान भरलं. डोळे मिटूनही मला कळत होतं मी कुठं आहे.

“घरात कुणाला काही नवीन शिकवावं लागलं न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “घर आधीपासून तयारच होतं. कोण आलं, कोण गेलं, मला समदं ठाऊक असतं. तसंच इथं करून ठेवत होतो. डोळे पुरते जायच्या आत समदी प्रश्नपेटी तशी करून ठेवायची, म्हणजे पुढं बी काम करता येईल.”

“आणि आम्ही ते पुसायला निघालो होतो! एका शब्दानं सांगायचं होतं मला!”

“क्लासमध्ये सांगितलं,” सर म्हणाले. “लोक चांगले हायत. फळा बंद झाला, तोंडी शिकवतो, चालतंय. पण त्या दिवसापासून कुणी माझ्या शब्दाला शब्द देत न्हाई. चुकलो तरी, बरोबर हाय सर. घरात बी तसंच. सुकन्या तर भाजीत मीठ जास्त झालं म्हणलं की भांडायची पूर्वी, ते बी सोडलं तिनं.” ते हसले, पण नीट जमलं नाही. “माझ्याशी भांडणारं एकच माणूस उरलं होतं. सांगितलं असतं तर ते बी गेलं असतं.”

मला रडू आलं. आवाज न करता रडावं म्हटलं तर तेही मला जमत नाही. ओढणीनं नाक पुसलं आणि समोरच्या पडद्याकडं बघत राहिले. काय बोलावं? ‘बरोबर आहे सर’ एवढं सोडून काहीही चाललं असतं. पडद्यावर त्यांनी ठेवलेलं एक नाव होतं, एका कामाचं नाव, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“टिपा राहतील,” मी म्हणाले. “पण हे काय आहे? ‘प्रश्नपत्रिकेतल्या सगळ्या अवघड प्रश्नांचे गुण मोजून आण’? हे नाव आहे की निबंध?”

सरांनी मान वर केली.

“ऐकायला सोपं पडतं,” ते सावधपणे म्हणाले.

“मुळीच नाही! ऐकायला तर जास्तच लांब. तो आवाज संपेपर्यंत माझी एसटी सुटेल. डोळ्यांचा काही संबंध नाही, हा शुद्ध हट्ट आहे!”

“हट्ट कसा? तुमची नावं बघा, ‘मोज’! काय मोज? ज्वारी मोज?”

“तीन शब्द. तीनच्या वर एक शब्द चालणार नाही.”

“पाच.”

“तीन!”

मग जे जुंपलं ते भाकरी ताटात पडेपर्यंत चाललं. सुकन्यावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, “इतकं मोठ्यानं ह्ये कवा बोललेच न्हाईत वर्षभरात,” आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. नाव सांगायचं त्या विसरल्या. शेवटी तीन ठरले, अडीअडचणीला चार.

जेवणानंतर मीच त्यांच्या कॉम्प्युटरवर रीतीचा पहिला नियम टाइप केला, “जे उघडाल ते मिटवताना त्याचं नाव सांगा.” मुकुलचं लगेच उत्तर आलं, टिपा तर काढायच्या ठरल्या होत्या ना, हे कशासाठी? मी सरांकडं बघितलं. ते म्हणाले, “माझं नका सांगू.” मी लिहिलं, “आमच्या बाजूला अशी पद्धत आहे. हुज्जत घालायची असेल तर माझ्याशी घाल.” मुकुल शहाणा आहे. त्यानं नाही घातली.

निघताना मी पाया पडले मावशींच्या, चपला घातल्या, आणि सवयीनं मुकाट जिन्याकडं वळले. दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले.

“विनीता,” मी दारातून म्हणाले. “निघाले.”

“बरं मॅडम,” आतून आलं. “पोचलात की भांडा.”

संध्याकाळी नांदेडला घरात शिरले. रेणुकादास समोरच खुर्चीत पेपर वाचत होते.

“विनीता, आले,” मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अगं, दिसतंय की मला.”

“हो,” मी म्हणाले, “दिसतंय तोवरच सवय लावू या.” आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.