घोड्याच्या चित्राचं कार्ड

मित्रांनो, जिन्याखाली फुटके बल्ब आणि झाडू पोटात घेऊन उभी असलेली ही जुनी लाकडी कार्डपेटी म्हणजे मी. माणसाएवढी उंच आहे, साठ खणांची आहे आणि स्वभावाने जरा चिडकी आहे. पण एकेकाळी एका मोठ्या इस्पितळाच्या विषबाधा माहिती कक्षात माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

सुताराने महिनाभर खपून मला घडवलं. माझ्या प्रत्येक खणात एक लोखंडी सळई होती आणि भोक पाडलेली कार्डं तिच्यात ओवलेली असायची. माझा सगळा कारभार कार्डवाल्या बाईंकडे होता. कुणाच्या पोटात भलतंसलतं गेलं, की दवाखान्यांतून फोन यायचा आणि बाई कार्ड बघून उपाय सांगायच्या.

ही कार्डं रसायनांच्या नावांनी लावलेली होती. पण घाबरलेली आई कुठली रसायनाचं नाव सांगायला? ती म्हणते, "हिरवं झाकण होतं हो!" म्हणून बाईंनी अशा खुणांची आणखी कार्डं केली आणि ती अक्षरवार खणांत लावली. 'हिरवं झाकण' या कार्डावर उपाय नव्हता, फक्त लिहिलेलं होतं, 'पाहा: खण ३१, कार्ड १२'. आणि त्या बाराव्या कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने, 'इथे येतात: हिरवं झाकण'. म्हणजे जायची वाट होती, तशी परतायचीही होती. या कार्डावरून त्या कार्डावर उड्या मारत बाई मिनिटाच्या आत उपायापाशी पोहोचायच्या. मला तर त्यांचा केवढा अभिमान वाटायचा!

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण आवराआवरीचं भारी वेड. बाई भावाच्या आजारपणासाठी आठ दिवस रजेवर गेल्या आणि साहेबांनी माझे खण उपसले.

"यात माहिती कुठे आहे? नुसतं पाहा, पाहा, पाहा! दुसऱ्याकडे बोट दाखवणारे ऑफिसात काय कमी आहेत?" असं म्हणत त्यांनी नऊशे कार्डं काढून रद्दीत दिली. मला जीभ असती, तर मी इमारत डोक्यावर घेतली असती.

बाई परतल्या त्याच सकाळी फोन खणखणला. एका लहान दवाखान्यातली नर्स इतकी ओरडत होती, की मलाही ऐकू येत होतं.

"ताई, तीन वर्षांची पोरगी आहे! न्हाणीघरातल्या बाटलीतलं काहीतरी प्यायलीय. लेबल धुऊन गेलंय, नुसतं घोड्याचं चित्र दिसतंय. उलटी काढू का? आई म्हणतेय काढा!"

"थांबा! कळल्याशिवाय हात लावू नका. आणि फोन ठेवू नका."

बाईंनी माझा 'घ'चा खण ओढला. आत नुसती सळई होती.

"घोडा कुठे गेला?" बाईंचा आवाज चिरकला.

"ती रिकामी कार्डं ना?" दारातून साहेब म्हणाले. "ती मी काढली." आणि बाईंचा चेहरा पाहून ते जागच्या जागी थिजले.

मित्रांनो, ते जळजळीत आम्ल असेल, तर उलटी काढल्यावर पोरीचा भाजलेला घसा पुन्हा भाजणार होता. दुसरं काही असेल, तर थांबण्यात विष अंगात भिनणार होतं. आणि माझ्या पोटातली हजारो कार्डं कुणाला तोंडपाठ असतात?

बाईंनी भांडणात एक क्षणही घालवला नाही. "साहेब, बाह्या वर सारा. न्हाणीघरातली रसायनं या सहा खणांत आहेत. कार्डांची पाठ बघत जा. घोडा दिसला की ओरडा!"

दोघं माझ्यावर अक्षरशः तुटून पडले. माझे खण करकरत होते. बाजूला काढून ठेवलेल्या फोनमधून आवाज आला, "ताई, ओठ पांढरे पडताहेत हो!" एक खण संपला, दुसरा संपला, तिसऱ्यातही काही नाही. मला वाटलं, आता संपलं सगळं.

"घोडा!" साहेब किंचाळले. "बाई, इथे येतात... घोड्याचं चित्र!"

बाईंनी कार्ड उलटून वाचलं आणि फोनवर झडप घातली. "आम्ल आहे! उलटी अजिबात काढू नका! तोंड पाण्याने धुवा आणि लगेच आमच्याकडे आणा!"

संध्याकाळी वॉर्डातून निरोप आला, पोरगी वाचली. साहेब स्टुलावर बसले आणि माझ्या उघड्या खणाला कपाळ टेकवून रडले. तोवर मला त्यांचा भयंकर राग होता, खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर दोन महिने त्यांनी कार्डांच्या पाठी वाचून ती नऊशे कार्डं स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिली.

पुढे एक इंजिनीअर आला. दिवसभर बाईंच्या बोटांच्या उड्या बघत बसायचा. त्याने संगणकावर तसंच करून दाखवलं. पडद्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं, की दुसरं पान उघडायचं. बाईंनी विचारलं, "आणि परतीची वाट?" तो म्हणाला, "ते फार किचकट आहे हो. जायची वाट पुरे की." तेव्हा बाईंच्या आधी साहेबच कडाडले, "पुरे नाही!"

माझी कार्डं आता गेली. माझी तक्रार नाही, यंत्र माझ्यापेक्षा चपळ आहे. फक्त एक कार्ड 'र'च्या खणात झाडूंच्या मागे अडकून राहिलंय. अक्षर साहेबांचं आहे, 'रिकामी कार्डं. पाहा: घोडा'.

मित्रांनो, आवराआवरी जरूर करा. पण एखादी गोष्ट बिनकामाची म्हणून फेकण्याआधी तिची पाठ उलटून पाहा. कुणाची तरी पोरगी त्या वाटेने परत यायची असेल.