माउस लागला की खिडकी वर

चाकणच्या एका ब्रेकचे पाइप बनवणाऱ्या कंपनीत दादासाहेब शिफ्टचे इन्चार्ज होते आणि साक्षी त्यांच्या हाताखाली क्वालिटीचे आकडे भरायची. दादासाहेबांची चाल मांजराची. जेवणाच्या सुट्टीत साक्षीने भावाच्या लग्नासाठी साड्या बघायला घेतल्या, की मागून आवाज आलाच म्हणून समजा, "काय गं, कंपनीत दुकान टाकलंस का?" सगळं ऑफिस माना वळवून हसायचं. त्या मंगळवारी तर त्यांनी तिच्या मनात भरलेली मोरपंखी साडी "सोफ्याचं कव्हर दिसतंय" म्हणून निकालात काढली. साक्षी दिवसभर धुमसत राहिली.

आणि हे दादासाहेब स्वतः काय करायचे? लॅपटॉपवर पत्ते खेळायचे. पुढे उत्पादनाच्या तक्त्याची खिडकी, मागे पत्त्यांची. डावीकडून पत्त्यांची हिरवी कड तेवढी बोटभर बाहेर. पाहिजे तेव्हा कडेवर क्लिक करायचं, पत्ते वर. कुणाची चाहूल लागली की उजवीकडे उघड्या राहिलेल्या तक्त्यावर क्लिक, पत्ते खाली. कामाचा माणूस!

कंपनीने सगळीकडे लिनक्स टाकल्यापासून कुणाचं काही अडलं की साक्षीला हाक जायची, त्यामुळे तिला ही भानगड ठाऊक होती. बुधवारी दादासाहेब लाइनवर गेले तशी ती त्यांच्या खुर्चीत बसली आणि एकच सेटिंग बदलून आली. आता क्लिक करायची गरजच नव्हती. माउसचा बाण ज्या खिडकीवर जाईल, ती खिडकी आपली आपण वर.

म्हातारा दोन दिवस वैतागेल, एवढाच तिचा हिशेब. पण दुपारी प्लँट मॅनेजर वर्षाराणी मॅडमनी अचानक मीटिंग लावली. दादासाहेब लाइनवरून तडक आले आणि त्यांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला गेला.

"हा बगा मॅडम, गेल्या महिन्याचा तक्ता," म्हणत दादासाहेबांनी डावीकडचा पहिला आकडा दाखवायला माउस नेला. बाण जरा कडेला घसरला आणि भिंतभर पत्ते पसरले.

त्यांनी घाबरून माउस उजवीकडे ओढला. तक्ता वर आला. जिवात जीव येऊन ते पुन्हा आकड्याकडे वळले, तर पुन्हा पत्ते. तक्ता, पत्ते, तक्ता, पत्ते. दादासाहेबांना दरदरून घाम फुटला.

"ह्ये लिनक्सचं हाय मॅडम. आपोआप येतंय."

"आपोआप अर्धा डावही खेळून ठेवलाय की," मॅडम चष्मा सारखा करत म्हणाल्या. "आणि ती बदामाची नव्वी त्या काळ्या दश्शीवर जाते. केव्हाची अडकवून ठेवलीय तुम्ही?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मॅडम स्वतःही हसल्या, पण जाताना "आजच्या आज हे काढून टाका" एवढं बजावून गेल्या.

संध्याकाळी बसला वेळ होता. दादासाहेब साक्षीच्या टेबलाशी येऊन उभे राहिले, तेही चांगले पाय वाजवत.

"तूच केलंस ना?"

"मी? काय?"

"समदे हसत होते. तू एकटी छताकडं बगत होतीस."

साक्षीने मान खाली घातली. आता मेमो येणार, नाहीतर रात्रपाळी. दादासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला.

"आमचे जावई हायेत ना, निगडीचे, निरंजनराव. घरून काम करत्यात म्हणं. दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले, पोरगी चहा नेऊन नेऊन दमली. अन् आपण गेलो की पडद्यावर नुसते आकडे." ते आणखी पुढे वाकले. "त्यांच्यात बी लिनक्सच हाय. रविवारी जेवायला चाललोय. कुटं दाबायचं ते दाखव."

साक्षीने ओठ घट्ट दाबले, पण हसू निसटलंच.

"आधी त्या साडीबद्दल बोला, दादासाहेब."

"झ्याक हाय साडी," दादासाहेब घाईघाईने म्हणाले. "लई झ्याक. चल, दाखव."